रेश्मा : सेहवानच्या दर्ग्यातून उठलेला आवाज

या लेखाच्या कच्च्या खर्ड्यात माझे पहिले वाक्य होते, 'रेश्मा ही एक निरक्षर गायिका होती.' घरी ते मोठ्याने वाचले तेव्हा आजीने विचारले, "मग इतकी गानी तिच्या ध्यानात कशी ऱ्हायली?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीला सहीसुद्धा येत नाही. पण जात्यावरच्या ओव्या ती तासभर न अडखळता म्हणते. मी ते वाक्य खोडले आणि अभ्यास नव्याने सुरू केला.

रेश्माचा जन्म १९४७ च्या सुमारास राजस्थानात रतनगढजवळच्या लोहा गावी, एका बंजारा कुटुंबात झाला. या जमातीने इस्लाम स्वीकारलेला होता. वडील उंट-घोड्यांचा व्यापार करीत. फाळणीनंतर लवकरच हे कुटुंब कराचीला गेले. शाळा नाही, गाण्याची रीतसर तालीम नाही. पोर गात असे ती पिरांच्या दर्ग्यांत.

सिंधमधील सेहवान येथे लाल शहबाज कलंदर या तेराव्या शतकातील सूफी संताचा दर्गा आहे. तेथे सांजवेळी नगारे वाजू लागतात आणि स्त्री-पुरुष भान विसरून धमाल नाचतात. धमाल हे या भक्तिनृत्याचे नाव. आपल्याकडील 'धमाल' या शब्दाच्या अर्थाने वाचकांनी फसू नये! सिंधी हिंदूही या संताला झुलेलाल मानून भजतात. फाळणीनंतर आपल्या उल्हासनगरात येऊन वसलेल्या सिंधी बांधवांना हे नाव नव्याने सांगायला नको. याच दर्ग्यात बारा वर्षांची रेश्मा गात असताना रेडिओ पाकिस्तानचे सलीम गिलानी यांनी तिला ऐकले, असे सांगतात. त्यांनी तिच्याकडून 'लाल मेरी' हे कलंदराचे गाणे आकाशवाणीसाठी गाऊन घेतले. त्या एका गाण्याने ती पाकिस्तानभर माहीत झाली. पुढे साठोत्तर काळात दूरदर्शन आले, चित्रपट आले, परदेशांतील मैफली आल्या.

तिचा आवाज गोड म्हणता येणार नाही. तो रुंद, मोकळा आणि किंचित खरखरीत आहे. माळावर दूरच्या माणसाला हाक मारावी तसा ती वरचा स्वर लावते, आणि तो किंचित चिरला तरी सावरीत बसत नाही. सूफी काव्यात ईश्वर हा प्रियकर आणि भक्त ही विरहिणी. त्यामुळे रेश्माचे विरहगीत माणसासाठी आहे की देवासाठी, हे पुष्कळदा ओळखू येत नाही. मला तरी ते ओळखावेसेही वाटत नाही.

आता एक गोष्ट मला खटकते, ती लिहितेच. १९७३ च्या 'बॉबी'मधील 'अखियों को रहने दे' हे लताबाईंचे लोकप्रिय गाणे रेश्माच्या पंजाबी गाण्याच्या चालीवर बेतलेले आहे. संगीतकार म्हणून नाव मात्र लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे. गाणे कागदावर नसले की ते कुणाचेच नाही असे आपण सहज धरून चालतो. आपल्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हते. पण त्यांची गाणी टिपून ठेवणारी माणसे घरातच होती. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, सुभाष घई यांच्या 'हीरो'साठी याच संगीतकार जोडीकडे रेश्मा स्वतः गायिली. ते 'लंबी जुदाई'. महाराष्ट्रातील बहुतेकांना रेश्मा माहीत आहे ती एवढ्या एका गाण्यापुरती.

ऐंशीच्या दशकात तिला घशाचा कर्करोग झाला. दुखणे गळ्याचेच! तरीही ती गात राहिली. पाकिस्तान सरकारने 'सितारा-ए-इम्तियाज' देऊन तिचा गौरव केला. जानेवारी २००६ मध्ये लाहोर–अमृतसर बससेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच बसने आलेल्या उतारूंत रेश्मा होती. ३ नोव्हेंबर २०१३ रोजी लाहोर येथे ती वारली.

लेख पुरा झाल्यावर आजीला 'लाल मेरी' ऐकवले. भाषा तिला कळली नाही. दुसऱ्या खेपेस मात्र ती ठेक्यावर मांडीवर हात मारू लागली, आणि तिसऱ्या खेपेस ध्रुपद माझ्या आधी तिने उचलले.