गावतलाव : ज्ञान, उद्योग व लोककल्याण

उद्योग म्हणजे शहरातील कारखाना, अशी विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. ती दूर करण्याचे साधन भंडारा जिल्ह्यातील शिक्षकास बहुधा गावातच लाभते. ते साधन म्हणजे मालगुजारी तलाव होय.

गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी लोकांनी या मुलखात असंख्य तलाव बांधले. १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणारा नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलावाच्या पाण्यावर धान व ऊस पिके. ढीवरांस मासे व शिंगाडे मिळत. गुरांची तहान भागे. काढलेला गाळ शेतास खत होई. एका पारेच्या आधाराने सारा गाव जगे. तथापि हे चित्र सर्वस्वी निर्दोष मानू नये. तलावाची मालकी मालगुजाराकडे असे व श्रम इतरांचे असत.

१९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे आले. पुढे गाळ काढण्याची जुनी व्यवस्था शिथिल झाली. तलाव उथळ झाले व बेशरमीची झुडपे माजली. बाहेरून आणलेल्या गवत्या माशाने पाणवनस्पती फस्त केल्या. त्यामुळे त्यांच्या आसऱ्याने वाढणारे स्थानिक मासे विरळ झाले.

यावरील उपाय ढीवरांच्या अनुभवातच होता. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा आसरा घेतो, हे जाणत्या ढीवरांस ठाऊक होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सहकार्याने ढीवर स्त्री-पुरुषांनी काही तलावांतील बेशरम उपटली, तळ नांगरला आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. स्थानिक मासे परतू लागले. पूर्वजांच्या ज्ञानास संघटित श्रमाची जोड मिळाली म्हणजे उद्योग कसा उभा राहतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

अध्यापनासाठी सूचना : (१) विद्यार्थ्यांस तलावावर न्यावे व पार, तुडूम आणि पाट प्रत्यक्ष दाखवावे. (२) मासे व पाणवनस्पती यांची गावातील नावे वडीलधाऱ्यांकडून मिळवून वहीत लिहून घ्यावी. (३) तलावावर कोणाकोणाची उपजीविका चालते, याचा तक्ता वर्गात लावावा.

वर्गात मागच्या रांगेत गप्प बसणारा ढीवराचा मुलगा या पाठाच्या वेळी तलावाकाठी पुढे उभा राहावा व त्याने इतरांस सांगावे. आपल्या घरचे ज्ञान शाळेत मानाचे ठरते, हे त्यास उमगले, की शाळा त्यास परकी वाटणार नाही. पाठाचे खरे फलित तेच होय.