कवटीवाचून ओळखलेला बारापासॉरस
सांगवी परिसरातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याहून कितीतरी प्राचीन, जुरासिक काळातील खडक गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात उघडे पडले आहेत. तेथील कोटा गावाचे नाव मिळालेल्या, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील या खडकांत भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना १९६१ च्या सुमारास एका आद्य शाकाहारी डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे लाभली. मांडीचे हाड पावणेदोन मीटरांचे. म्हणून बंगालीतील ‘बडा पा’, अर्थात मोठा पाय, यावरून तो बारापासॉरस झाला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे स्मरण म्हणून १९७५ मध्ये ‘टागोरी’ हे उपपदही जोडले गेले. हाडे किमान सहा प्राण्यांची, पण कवटी एकही नाही! आहार ठरला तो चमच्यासारख्या मोजक्या दातांवरून. असे हाड शेतात वा नदीकाठी आढळल्यास ते जागचे हलवू नये. कोणत्या थरात, कशाशेजारी ते होते, हाही पुरावाच असतो. ती कवटी कदाचित अद्याप त्याच खडकांत असेल.