भेंडीचा ठसा : वऱ्हाडच्या अन्नाचा एक पाठ

अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठावर वसले आहे. येथील मुलांच्या ताटात भेंडी येते, पावसाळ्यात अंबाडीची भाजी येते आणि अंगावर सुती कपडा असतो. भेंडी, अंबाडी व कपाशी ही तिन्ही जास्वंदीच्या कुळातील आहेत, हे मात्र शेतापासून दूर राहणाऱ्या मुलाला सहसा कोणी दाखविलेले नसते. भाजीच्या ठशांतून हे नाते प्राथमिक शाळेतही दाखविता येते.

बटाटा कोरून ठसे करण्याची रीत शाळांतून रूढ आहे. परंतु कोरलेला आकार सुरीचा असतो, भाजीचा नव्हे. भेंडीला कोरावे लागत नाही. ती आडवी कापली की बहुधा पाच कप्प्यांची चांदणी दिसते. अनेक घरांत पावशेर भेंडी ही एका वेळची भाजी असते, म्हणून अख्खी भेंडी रंगात बुडविणे योग्य नाही. देठाकडचा जो तुकडा एरवी फेकला जातो, तोच किंचित लांब कापून मुलांनी घरून आणावा. त्याचा चिकट रस फडक्याने टिपून घ्यावा, अन्यथा रंग पसरतो. गेरू किंवा हळद पाण्यात दाट कालवून पुरते. हळदीच्या ठशावर खाण्याच्या सोड्याचे पाणी लावल्यास तो तांबूस होतो; मुलांना याचे मोठे नवल वाटते.

यानंतर कापूस वेचल्यावर उरलेले एक सुके बोंड वर्गात आणावे व त्याचे कप्पे मोजावयास सांगावे. ते तीन ते पाच भरतात. अंबाडीचे पान शिरांची बाजू रंगवून कागदावर दाबले की बोटांसारखे भाग उमटतात. शेजारी कपाशीचे पान उमटवून दोन्ही ताडून पाहता येतात. अंबाडीच्या सालीपासून दोर वळतात आणि सरकीचे तेल खाण्यात येते, हे सांगण्याची जागा येथेच आहे. दोडक्याच्या दहा धारा, कांद्याची वलये यांचेही ठसे घ्यावेत.

हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला होता. हा पाठ त्या मानाने लहान. त्यास तासभर पुरतो.

कापण्याचे काम शिक्षकांनी करावे आणि रंग लागलेला तुकडा कोणी खाणार नाही, हे पाहावे. प्रत्येक ठशाखाली महिना आणि मुलाच्या घरात प्रचलित असलेले भाजीचे नाव, मग ते मराठी असो वा उर्दू, लिहावे.