मंडळीसाठी पेटी घेताना

वाचन : मार्क १२:४१-४४, लूक १४:२८-३०



समजा, खटकचिंचोळीसारख्या गावातील एका लहान मंडळीने कापणीच्या सणात नव्या पेटीसाठी दान जमविले. कोणी तुरीचे पायलीभर दाणे आणले, कोणी कोंबडी दिली व तिचा लिलाव झाला, खुरपणीला जाणाऱ्या भगिनींनी एकेका दिवसाची मजुरी दिली. आता दोघे बंधू भालकीला गाडीत बसून हैदराबादला जाणार व पेटी घेऊन येणार. दुकानात दहा पेट्या मांडलेल्या असतात, सर्वच चकाकतात. त्यांतून कोणती उचलावी?

वर दिलेल्या पहिल्या उताऱ्यातील विधवेचे दान आपण नेहमी शिकवितो. पण ते दान ज्यांच्या हाती खर्चासाठी येते त्यांची जबाबदारी आपण क्वचितच शिकवितो. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले. पेटी घेणाऱ्यालाही तोच धडा लागू आहे.

पियानो की पेटी?

शहरातील मंडळीत पियानो पाहून आलेले तरुण विचारतात, "आपण पियानो का घेऊ नये?" प्रश्न रास्त आहे. ग्रँड पियानोत ८८ पट्ट्या व दोनशेहून अधिक तारा असतात. त्या तारांचा एकत्र ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट बसविलेली असते. जाणता गिऱ्हाईक त्याची बाहेरची काळी झिलई पाहत नाही. तारांखालची नाद देणारी लाकडी फळी तडकली आहे काय, तारा धरणाऱ्या खुंट्या सैल आहेत काय, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा नमदा झिजला आहे काय, हे तो पाहतो. शिवाय वर्षातून एकदोनदा सूर मिळविणारा जाणकार लागतो. आपल्या बाजूला मे महिन्याचा कोरडा उन्हाळा व त्यामागून येणारा दमट पावसाळा या फळीला सोसत नाही, आणि जाणकार मोठ्या शहरातून बोलवावा लागतो. म्हणून पियानो वाईट नव्हे, पण तो आपल्या गावी नीट राखता येणार नाही. त्याच्या परीक्षेची रीत मात्र आपण घ्यावी : आधी आतला भाग पाहावा, मग बाहेरचा.

पेटी आपल्याकडे कशी आली

हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबाँ याने १८४० च्या सुमारास तिला हे नाव दिले. ती पायाने भाता चालवून खुर्चीवर बसून वाजवीत. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने १८८० च्या दशकात हाताने भाता चालविण्याची लहान पेटी प्रचारात आणली, आणि जमिनीवर बसून भजन करणाऱ्या आपल्या लोकांना ती मानवली. मींड व सूक्ष्म श्रुती तिच्यातून निघत नाहीत म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. ती १९७० नंतर हळूहळू सैल झाली. गवयाला हा दोष मोठा वाटतो. परंतु लहानथोर मिळून पन्नास माणसे एका सुरात गाताना स्थिर सूर हाच उपयोगी पडतो.

गरज आधी ठरवा

रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांच्या अभंगांना व भजनांना एकच चाल लागते. त्यांस साधी, पण सुरेल पेटी पुरते. 'उपासना संगीत' मधील पाश्चात्त्य चालीची गीते भरदार वाजवायची असतील तर दुहेरी सुरांची, म्हणजे एक सूर नेहमीचा व दुसरा एक सप्तक खालचा खर्ज अशी पेटी बरी. वाजविणाऱ्यास एकच पट्टी येत असेल तर स्केल-चेंजर सोयीचा पडतो. पट्ट्यांचा संच सरकवून सूर चढविता-उतरविता येतो. पण त्यामुळे पेटी जड व महाग होते आणि बिघडण्याच्या जागा वाढतात. वाजविणारा चार पट्ट्यांत वाजवू शकत असेल, तर त्याच पैशात अधिक चांगल्या सुरांची साधी पेटी घेणे शहाणपणाचे.

दुकानात करावयाच्या चार परीक्षा

पहिली, भात्याची. भाता पूर्ण भरा, एक पट्टी दाबून ठेवा व भात्याचा हात थांबवा. सूर किती वेळ टिकतो ते मोजा. हीच परीक्षा दोन-तीन पेट्यांवर, तीच पट्टी दाबून करा. फरक लगेच कळेल. मग सर्व खुंट्या उघडून, कोणतीही पट्टी न दाबता भाता चालवा. फुसफुस ऐकू आली किंवा एखादा सूर आपोआप वाजला तर हवा गळते आहे.

दुसरी, प्रत्येक पट्टीची. खालच्या टोकापासून वरपर्यंत काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या एकेक वाजवा. एकदा अगदी हळू हवेने, एकदा जोराने. सूर लगेच उठला पाहिजे. जोर दिल्यावर तो हलता कामा नये, घरघरता कामा नये. पट्टी शेजारणीला घासते काय, दाबल्यावर अडकते काय, हेही पाहा.

तिसरी, जुळणीची. एक सूर व त्याचाच वरच्या सप्तकातील सूर एकत्र वाजवा. आवाजात लाटांसारखी थरथर आली तर ते जुळलेले नाहीत. मोबाईलवर सूर दाखविणारी साधने आज मिळतात. सोबत गिटार किंवा की-बोर्ड वाजणार असेल, तर पेटी ४४० च्या प्रमाणाला मिळविलेली आहे ना, हे त्यावर पाहून घ्या.

चौथी, आतली. दुकानदारास आदराने विनंती करून पेटी उघडून घ्या. पितळी सुरांच्या जिभा स्वच्छ असाव्यात. जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, बुडखा खरवडला की उतरतो. सूर मिळविण्याची हीच रीत आहे. म्हणून थोड्या खुणा असणारच. पण जुन्या पेटीत खोल ओरखडे दिसले तर त्या जिभा अशक्त झाल्या आहेत, लवकर तुटतील. लाकूड मुरलेले हवे, सांधे घट्ट हवेत. ओलसर वास येत असेल तर सोडून द्या.

ही सर्व परीक्षा एकट्याने करू नये. वाजविणारा, मंडळीतला एखादा सुतार बंधू व सुराचा कान असलेली एक भगिनी, असे तिघे जावे. सुतार लाकूड ओळखील, भगिनीस बेसूर कळेल. खजिनदाराने पावती घ्यावी व दुरुस्तीची हमी तिच्यावर लिहून मागावी.

किंमत कशाची द्यावी

पैसा प्रथम सुरांना द्यावा, नंतर भात्याला, नंतर लाकडाला. नक्षी, रंगीत काच व झिलई यांना शेवटी, उरला तर. दोन पेट्यांत निवड करताना डोळे मिटून ऐका. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे; पेटीने गाणाऱ्यांना आधार द्यावा, त्यांना बुडवू नये.

जमलेली सर्व रक्कम दुकानात देऊ नका. काही भाग सूर मिळविण्यासाठी व भात्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. पेटी घरी आल्यावर भाता बंद करून, कापडाने झाकून, भिंतीपासून दूर फळीवर ठेवा. उंदीर आतले चामडे कुरतडतात, वाळवी लाकूड खाते. डांबराच्या गोळ्या ठेवा व पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा. उन्हात ठेवू नका. आणि कुलपात कोंडूही नका. न वाजणारी पेटी लवकर बिघडते. रविवारच्या शाळेतील मुलांना शनिवारी संध्याकाळी शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यावर हात बसवू द्या. मजुरी देणाऱ्या भगिनीची मुलगी तिच्यावर पहिले गीत वाजवील, त्या दिवशी त्या दानाचा हिशेब पूर्ण झाला असे समजा.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणत्या प्रकारची गीते अधिक गाइली जातात? त्यांस कसली पेटी पुरेल?
२. आपल्या सध्याच्या पेटीवर वरील चार परीक्षा करून पाहा. नवी घ्यावी की हीच दुरुस्त करावी?
३. पेटीची देखभाल कोण करील व तिचा खर्च कोठून येईल?