पेटी दुरुस्त होते, प्लेटा होत नाहीत

खामगाव, चैत्र

चि. बापू,

शेतावरच्या पोहण्याच्या तलावाचं मिठापासून क्लोरीन करणारं यंत्र बंद पडलं आणि विकणारा म्हणतो की सगळंच नवं घ्या, हे तू फोनवर सांगितलंस. पैसे देण्याआधी दोन-चार दिवस थांब. मात्र तोवर तलाव बिनक्लोरीनचा ठेवू नकोस. संध्याकाळी सोडियम हायपोक्लोराइट मोजून टाक. क्लोरीन 1 पीपीएमच्या खाली असेल तेव्हा कोणालाही पाण्यात उतरू देऊ नकोस, मग तो पाहुणा असो वा घरचं लेकरू.

यंत्रच बिघडलंय हे आधी सिद्ध होऊ दे. आपल्याकडे चैत्र-वैशाखाचं ऊन 43-44 अंशांवर जातं. पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड नसेल तर अशा उन्हात निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत उडतं. यंत्र दिवसभर राबतं, चाचणीत काही दिसत नाही आणि दोष यंत्राच्या माथी जातो. म्हणून मोजणी रात्री कर. सूर्य मावळल्यावर क्लोरीन माप, यंत्र आणि पंप आठ तास पूर्ण क्षमतेवर चालव, उजाडायच्या आत पुन्हा माप. तुझा तलाव 10 बाय 5 मीटर, सरासरी खोली 1.4, म्हणजे 70 घनमीटर पाणी. ताशी 20 ग्रॅमचं यंत्र आठ तासांत 160 ग्रॅम क्लोरीन देतं, त्यामुळे आकडा साधारण 2.3 पीपीएमनं वाढायला हवा. थोडा कमी भरला तरी चालेल. वाढलाच नाही तर यंत्राकडे वळ. पाणी हिरवट असेल तर आधी ते स्वच्छ कर, नाहीतर शेवाळ सगळं क्लोरीन खाऊन टाकेल आणि चाचणी फुकट जाईल.

आता मिठाचं. तुझं शेत शेगावकडच्या अंगाला, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. तिथल्या बोअरच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, इतरही क्षार असतात. यंत्र मात्र पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरूनच मीठ ओळखतं. म्हणून पडद्यावर मीठ 3500 पीपीएम दिसत असलं तरी क्लोराइड कमी असू शकतं, आणि क्लोरीन तर क्लोराइडपासूनच होतं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दे आणि क्लोराइड वेगळं मोजून घे. पोतंभर मीठ आणायचा प्रश्न त्यानंतर.

मग सेल, म्हणजे यंत्रातला क्लोरीन तयार करणाऱ्या प्लेटांचा भाग, उघड. प्लेटांवर पांढरा थर दिसेल, कारण आपलं पाणी जड. चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड घाल. नेहमी पाण्यातच ॲसिड ओतायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. फेस थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं सेल त्यात राहू दे. स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नकोस. हे काम मोकळ्या जागेत, हातमोजे आणि चष्मा घालून कर, आणि हायपोक्लोराइटचा कॅन जवळपासही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे तू विसरू नयेस, म्हणूनच फोनऐवजी पत्र लिहितोय. शिवाय दर धुण्यात प्लेटांचा लेप थोडा झिजतो, तेव्हा उगाच धुऊही नकोस.

सगळं महत्त्व त्या लेपाचं आहे. टायटॅनियमवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा हा थर. 1960 च्या दशकात हेन्री बीअर यांनी हे तंत्र काढलं आणि क्लोरीनचे मोठे कारखाने त्यावर आले. चांगला सेल साधारण 10,000 तास टिकतो. रोज आठ तास धरले तर साडेतीन वर्षांच्या आसपास. तुझा किती चालला, त्याचा हिशेब तूच मांड. सेल धुतला, क्लोराइड बरोबर आहे, सेलला वीज पुरवणाऱ्या पेटीतून व्होल्टेज येतंय आणि तरी अँपिअर चढत नाहीत, तर लेप संपला. त्यावर दुरुस्ती नाही. मोठ्या कारखान्यांच्या प्लेटांना पुन्हा लेप देतात, पण एवढ्याशा सेलसाठी ते परवडत नाही. नवा सेल घे, पेटी तीच ठेव.

व्होल्टेजच नसेल तर दोष पेटीत. फ्यूज, रिले, रेक्टिफायर, जळालेलं कनेक्टर, आत शिरून मेलेली पाल, असंच काहीतरी निघतं. विकणारा म्हणेल की पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. तू ऐकू नकोस. खामगाव चांदीचं गाव आहे. मुलामा द्यायच्या रेक्टिफायरचं काम करणारा कारागीर इथं शोधला तर सापडेल. मिठाच्या पाण्यातून वीज सोडणारी तुझी पेटी त्याच जातीची आहे. मुख्य वीज तोडूनच ती खोल आणि त्याला दाखव.

पूर्ण नवं यंत्र घ्यायचं ते दोनच वेळी. त्या मॉडेलचे सेल मिळेनासे झाले असतील तर, किंवा पेटी आणि सेल दोन्ही एकदम गेले असतील तर. यंत्र कायमचं काढून कॅनवरच राहावं असा विचार तुझ्या वडिलांच्या मनात आहे, तो मला पटत नाही. आपल्या उन्हाळ्यात कॅनमधल्या हायपोक्लोराइटचा जोर पडून पडून कमी होतो आणि माप चुकत जातं.

सेलवरचा मॉडेल नंबर, पेटीवरचे अँपिअर आणि रात्रीचे दोन्ही आकडे मला कळव. सोबत क्लोराइडचा अहवालही पाठव. त्याआधी कोणाला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
मामा