किरणोपचाराची पूर्वतयारी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, औषधांची आवर्तनेही पुरी झाली, म्हणजे उपचार संपले असे घरच्या माणसांस वाटू लागते. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत मात्र किरणोपचार हा टप्पा अद्याप शिल्लक असतो. शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ निघते व औषधे रक्तावाटे सर्व शरीरात फिरतात. तरीही गाठीच्या मूळ जागी काही सूक्ष्म रोगपेशी मागे राहण्याचा संभव असतो. किरणांचा रोख त्या जागेवर असतो. स्तन राखून केवळ गाठ काढली असल्यास हा उपचार बहुधा आवश्यक ठरतो. संपूर्ण स्तन काढला असला, तरी गाठ मोठी असल्यास किंवा काखेतील लसिकाग्रंथींत रोग पोचला असल्यास तो सुचविला जातो.

या उपचारास बोलण्यात ‘शेक’ म्हणतात. हा शब्द मोठा फसवा आहे. किरण देताना उष्णता जाणवत नाही व दुखतही नाही. उलट, उपचार चालू असताना त्या त्वचेस खरोखरीचा शेक देणे वर्ज्य असते.

औषधांची शेवटची मात्रा व पहिला किरणोपचार यांत सामान्यतः तीन ते चार आठवडे जाऊ देतात. औषधांमुळे घटलेल्या पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका या अवधीत भरून येतात. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे किरणांच्या जोडीने दिल्यास त्वचेस व हृदयास अधिक इजा होते, हेही विश्रांतीचे एक कारण होय. परंतु ही विश्रांती मनास येईल तितकी लांबविणे योग्य नव्हे, कारण मागे राहिलेल्या पेशींनाही तेवढाच अवकाश मिळतो. याच काळात जखम पूर्ण भरली आहे की नाही हे पाहतात, रक्त तपासतात आणि तरुण स्त्रीच्या बाबतीत गर्भधारणा नसल्याची खात्री करून घेतात.

रुग्णाने स्वतः करावयाची खरी तयारी खांद्याची असते. उपचाराच्या वेळी हात डोक्यावर नेऊन एका उतरत्या फळीवर निश्चल पडून राहावे लागते. काखेतील ग्रंथी काढल्यानंतर दुखण्याच्या भीतीने हात अंगाशी धरून ठेवण्याची सवय जडते व खांदा आखडतो. असा हात वर जात नसेल, तर किरणांच्या मार्गात तोच आडवा येतो आणि सारी आखणी लांबणीवर पडते. म्हणून शस्त्रवैद्यांची अनुमती मिळताच भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेण्यासारखे साधे व्यायाम रोज करावेत. दिसावयास क्षुल्लक असलेल्या या व्यायामावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

आखणीच्या दिवशी याच स्थितीत सी.टी. यंत्राने छायाचित्रे घेतात व त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोंदतात. हातभर गोंदण मिरविणाऱ्या आजीबाईंच्या मानाने ते काहीच नव्हे. पण रोजची जागा अचूक जुळविणे त्यांच्यामुळे सोपे होते. डाव्या बाजूस रोग असल्यास हृदय जवळ येते. हृदयास मिळणारी सरासरी मात्रा एक ग्रेने वाढली, की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. (ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम द्रव्यात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा.) दीर्घ श्वास घेऊन रोखला असता फुप्फुस फुगते व हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते. जेथे ही पद्धत वापरतात, तेथील रुग्णाने वीसेक सेकंद श्वास रोखण्याचा सराव घरी आधीपासून करावा.

पूर्वी ५० ग्रेची मात्रा २५ भागांत, पाच आठवड्यांत देण्याची रीत होती. ब्रिटनमधील चाचण्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, त्यांवरून ४० ग्रे १५ भागांत दिल्यासही रोगास तितकाच आळा बसतो असे दिसून आले. मात्रा अशी विभागण्याचे कारण हे, की दोन दिवसांमधल्या वेळात निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात. रोगपेशींना ते तितकेसे साधत नाही. सोमवार ते शुक्रवार असे तीन आठवडे रोज यावे लागते. परगावच्या कुटुंबास तीन आठवड्यांची राहण्याची सोय, प्रवासखर्च व मुलांची व्यवस्था हे प्रश्न औषधांहून बिकट वाटतात. तेव्हा रुग्णालयातील समाजसेवकाची भेट आखणीपूर्वीच घ्यावी. मधले दिवस चुकविणे हितावह नसते.

सुती, सैल कपडे वापरावेत. सौम्य साबणाने अंघोळ करण्यास हरकत नसते. मात्र त्वचा घासू नये. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच थांबतात व शरीरात काहीही उरत नाही. सबब त्याच संध्याकाळी आईने तान्ह्या मुलास मांडीवर घेण्यास कोणताही धोका नाही. त्वचेची लाली व थकवा शेवटच्या उपचारानंतर आठवडा-दोन आठवडे वाढत राहतात आणि मग हळूहळू ओसरतात.