नावाने कमळ, कुळाने निवडुंग

पावसाळ्याच्या दिवसांत विलेपार्ल्यातील एखाद्या घरून सायंकाळी निरोप येतो, "आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार आहे, पाहावयास या." रात्री शेजारीपाजारी गॅलरीत जमतात. मिटलेली कळी हळूहळू उलगडू लागते, सुवास दरवळतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास ओंजळीएवढे शुभ्र फूल पूर्ण उमलते. सकाळी पाहावे, तो त्याने मान टाकलेली असते.

विद्यार्थिमित्रांनो, हे फूल कमळ नव्हे आणि खरे ब्रह्मकमळही नव्हे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर वाढते. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीतील वनस्पती फड्या निवडुंगाच्या कुळातील आहे. तिचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका होय. आपण जिला पाने म्हणतो, ती तिची चपटी खोडे होत. म्हणूनच कळी त्यांच्या कडेच्या खाचेतून निघते.

कमळ म्हटले की पाणी आठवते. मीही या नावाला फसलो होतो. पहिले रोप मी भर पावसात उघड्यावर ठेवले, शिवाय कुंडीखाली ताटली ठेवून तीत पाणी साचू दिले. महिन्याभरात मुळे कुजली आणि रोप गेले. माझी माया खरी होती, ज्ञान मात्र अपुरे होते. मूळच्या अरण्यात ही वनस्पती झाडांच्या फांद्यांवर, साठलेल्या पालापाचोळ्यात रुजते. तेथे पाऊस पडतो. पण पाणी थांबत नाही आणि मुळांना हवा मिळते.

हे ध्यानी घेऊन पुढे मी निराळा मार्ग धरला. वीतभर लांबीचा निरोगी तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवला. कापलेला भाग सुकल्यावर तो माती, वाळू व पालापाचोळ्याचे खत यांच्या मिश्रणात लावला. कुंडीच्या तळाशी छिद्र होतेच. सकाळचे कोवळे ऊन मिळेल, पण दुपारचे कडक ऊन लागणार नाही, अशी जागा निवडली. वरची माती सुकल्यावरच पाणी घातले आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला घेतली. तिसऱ्या वर्षी पहिली कळी आली!

एका रात्रीच्या फुलासाठी तीन वर्षे वाट पाहावी लागली. परंतु त्या रोपाने मला एक धडा दिला. ज्याचे संगोपन करावयाचे, त्याचा स्वभाव आधी जाणून घ्यावा. नुसत्या मायेने भागत नाही.

स्वाध्याय
१. लेखकाचे पहिले रोप का कुजले?
२. 'मान टाकणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
३. तुमच्या घरातील एका रोपाचे आठवडाभर निरीक्षण करून नोंद ठेवा.